नमस्कार आणि फिर्याद

कोरियन युद्धकलांच्या शाळेत, म्हणजे दोजांगमध्ये, तासाची सुरुवात हुकमाने होते. ‘छार्योत’ म्हटलं की सगळे सावधान, ‘क्योंगन्ये’ म्हटलं की सगळे वाकतात. आधी ध्वजाला मानवंदना, मग समोर उभ्या असलेल्या साबमनिमना, म्हणजे गुरूंना. पाच वर्षांचं मूल असो की पन्नाशीतला गृहस्थ, पट्टा पांढरा असो की काळा, वाकण्यातून कोणाचीच सुटका नाही. या वाकण्याचा अर्थ आदर, असं सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण आदराचं हे नातं एका प्रश्नापाशी येऊन अडतं. ज्याच्यापुढे रोज वाकायचं त्यानेच अन्याय केला, तर त्याच्याविरुद्ध पोलिसांत किंवा कोर्टात जाणं हा गुरुद्रोह ठरतो का? दोजांगच्या समाजात या प्रश्नाला बऱ्याचदा ‘हो’ असंच उत्तर मिळतं, उघडपणे नाही तर आडवळणाने. घरातलं घरात मिटवावं, गुरूची अब्रू ती शाळेची अब्रू, कायदा काय, परक्यांचा. मला हे उत्तर चुकीचं वाटतं. आजच्या कायद्याशी ते विसंगत आहे हे तर उघडच आहे, पण माझा मुद्दा त्याहून पुढचा आहे. ज्या परंपरेच्या नावाने हे मौन मागितलं जातं, तिच्या मुळाशी गेलं तर तिथे असं मौन कोणी मागितलेलं सापडत नाही.

तायक्वांदोच्या आणि इतर कोरियन कलांच्या पुष्कळ शाळांत नीतीचा पाया म्हणून ‘सेसोक ओग्ये’, म्हणजे संसारी माणसासाठी सांगितलेले पाच नियम, शिकवले जातात. त्यांची कथा मुळातून पाहण्यासारखी आहे. सहावं शतक संपून सातवं सुरू होत असताना कोरियातल्या सिल्ला राज्यात वोनग्वांग नावाचे बौद्ध भिक्षू होते. चीनमध्ये शिकून ते नुकतेच परतले होते. ग्वीसान आणि चुहांग हे दोन तरुण त्यांच्याकडे गेले आणि जन्मभर पाळता येईल असा उपदेश करा म्हणाले. 1145 साली पूर्ण झालेल्या ‘साम्गुक सागी’ या इतिहासग्रंथात हा प्रसंग आला आहे. बोधिसत्त्वाची व्रतं दहा आहेत, पण राजाच्या सेवेत असलेल्या तुम्हाला ती झेपायची नाहीत, असं वोनग्वांगांनी त्यांना सरळ सांगितलं आणि त्याऐवजी पाच नियम दिले. राजाशी निष्ठा, आईबापांची सेवा, मित्रांशी विश्वास, रणातून माघार न घेणं आणि जीव घेताना विवेक. या यादीत गुरूची आज्ञा पाळण्याचा नियम नाही. उपदेश मागायला आलेल्या दोन तरुणांना गुरूने स्वतःविषयीचं एकही कर्तव्य सांगितलेलं नाही. पुढचा भाग तर त्याहून बोलका आहे. बाकीचे चार नियम कळले, पाचवा काही कळला नाही, असं ते दोघे तिथल्या तिथे म्हणाले. वोनग्वांग रागावले नाहीत. वसंतात आणि उन्हाळ्यात आणि उपोसथाच्या, म्हणजे बौद्ध उपवासाच्या, दिवशी जीव घेऊ नका, हा काळाचा विवेक; घोडा, गाय, कोंबडी, कुत्रा ही पाळलेली जनावरं आणि ज्यांच्या मांसाचा घासही होणार नाही असे लहान जीव मारू नका, हा वस्तूचा विवेक; आणि गरजेपेक्षा जास्त मारू नका. असं त्यांनी उलगडून सांगितलं. पुढे 602 साली बेक्जे या शेजारच्या राज्याविरुद्धच्या लढाईत ते दोघेही धारातीर्थी पडले. शाळा त्यांच्या मरणाची आठवण ठेवतात. गुरूला ‘हे कळलं नाही’ असं तोंडावर सांगण्याची त्यांची हिंमत मात्र क्वचितच कोणी आठवतं.

मग गुरूपुढे चकार शब्द काढायचा नाही हा दंडक आला कुठून? त्याचं वय फार नाही. आज ज्यांना प्राचीन म्हटलं जातं त्या क्वानांपैकी, म्हणजे युद्धकलेच्या घराण्यांपैकी, बहुतेक 1940 च्या दशकातले आहेत. चोंग दो क्वान 1944 चं, ह्वांग की यांचं मू दोक क्वान 1945 चं. त्यांच्या संस्थापकांपैकी कित्येक जण जपानी अमलाच्या काळात जपानमध्ये कराटे शिकून आले होते. 1955 मध्ये ‘तायक्वांदो’ हे नाव पुढे आणणारे चोई होंग ही लष्करात जनरल होते आणि ही कला आधी सैन्यात रुजली, मग वस्तीत आली. 1961 च्या लष्करी उठावानंतर वेगवेगळे क्वान एका छत्राखाली आणण्याचा सरकारी रेटा वाढला. बराकीची शिस्त आणि घरातलं वडीलधारेपण असं दोन्ही एकत्र होऊन आजचं दोजांग घडलं. चोईंनी गुरू आणि शिष्य यांची कर्तव्यं लिहून ठेवली आहेत. शिष्याने गुरूवर टीका करू नये, मतभेद असला तर आधी सांगितलेलं करावं आणि चर्चा नंतर करावी, असा त्यांचा रोख आहे. लाथ मारताना टाच कुठे वळवायची एवढ्यापुरता हा नियम शहाणपणाचाच आहे. प्रत्येक हालचालीला वाद घालणारा विद्यार्थी काही शिकत नाही. पण त्याच ठिकाणी त्यांनी गुरूलाही बजावलं आहे की शिष्याचं शोषण करू नकोस, सगळ्यांना सारखं वागव, विश्वासघात करू नकोस. शिष्याची कर्तव्यं भिंतीवर लागली आणि पाठ करून घेतली गेली. गुरूची कर्तव्यं तपासणारं मात्र दोजांगमध्ये कोणी नसतं. ज्या वचनाला ऐकणारा नाही ते पाळलं गेलं की मोडलं, हे ठरवायचं कोणी?

कोरियात राजा, गुरू आणि बाप एकच मानण्याची जुनी रीत आहे आणि दोजांगमधल्या आज्ञाधारकपणाचं समर्थन बहुतेक वेळा तिच्यावर उभं केलं जातं. तिला कन्फ्यूशियन म्हणतात, तर खुद्द कन्फ्यूशियसलाच विचारलेलं बरं. माणुसकीच्या बाबतीत आपल्या गुरूलाही वाट देऊ नये, असं त्यांनी शिष्यांना सांगितल्याचं ‘लुन यू’ या त्यांच्या वचनसंग्रहात नोंदलेलं आहे. त्यांच्याच परंपरेतले नंतरचे विचारवंत मेन्शियस तर आणखी पुढे जातात. मुलाला बापाने स्वतः का शिकवू नये, या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर असं की शिकवणाऱ्याला चुका दाखवाव्या लागतात, रागवावं लागतं, आणि बापलेकांत ते सुरू झालं की जिव्हाळा तुटतो. म्हणून पूर्वीचे लोक एकमेकांच्या मुलांना शिकवत. म्हणजे गुरू हा बाप नव्हे, यावरच तिथे शिक्षणाची सगळी व्यवस्था उभी आहे. शिवाय या विचारात कुठलंही नातं एकतर्फी नाही. राजाने राजासारखं वागावं, बापाने बापासारखं, तेव्हा प्रजा आणि पुत्र यांची कर्तव्यं लागू होतात. चुकणाऱ्या वडीलधाऱ्याला अडवणं हा तिथे निष्ठेचाच भाग मानला आहे. कोरियाच्या जोसन राजवटीत तर राजाला त्याच्या चुका दाखवण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमलेले असत. राजाला अडवण्याची सोय ज्या समाजाने दरबारात करून ठेवली होती, त्याच समाजाच्या नावाने साबमनिमना अडवणं पाप ठरवायचं, हे मला पटत नाही.

आणि कोर्टाचं म्हणाल तर या कलांच्या संस्थापकांना कोर्ट कधीच परकं नव्हतं. सरकारच्या पाठबळाने चाललेल्या एकीकरणात ह्वांग की सामील झाले नाहीत, तेव्हा त्यांच्या संघटनेच्या अस्तित्वावरच गदा आली. ते कोर्टात गेले आणि 1966 मध्ये सुप्रीम कोर्टात त्यांची बाजू टिकली. त्यांच्या परंपरेच्या नावांवर आणि चिन्हांवर हक्क कोणाचा, हा वाद पुढे अमेरिकेच्या फेडरल कोर्टातही लढला गेला. चोई होंग ही यांचं त्या लष्करी उठावातून सत्तेवर आलेल्या पार्क चुंग ही यांच्या राजवटीशी फाटलं आणि 1972 मध्ये ते कॅनडाला निघून गेले. राजाशी निष्ठा या पहिल्या नियमाची त्यांची समज आंधळी नव्हती हे त्यांच्या आयुष्यावरूनच दिसतं. 2002 मध्ये ते वारले आणि त्यांनी 1966 मध्ये स्थापलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे तीन गट झाले, त्यातला प्रत्येक स्वतःलाच खरी संघटना म्हणवतो. नाव, बोधचिन्ह, वारसा यांसाठी वरिष्ठांनी वकील गाठले तर तो हक्काचा लढा आणि शरीरावर झालेल्या अत्याचारासाठी सोळा वर्षांच्या मुलीने वकील गाठला तर ती कृतघ्नता, हा न्याय कसा? हा दुजाभाव परंपरेतून आलेला नाही, सत्तेतून आलेला आहे. मला तर असंही वाटतं की ज्या घरात मतभेद बोलून दाखवायला जागा नसते तिथे मतभेद फुटीच्या रूपाने बाहेर पडतात. कोरियन युद्धकलांच्या संघटनांचा गेल्या सत्तर वर्षांतला इतिहास हा मोठ्या प्रमाणात फुटींचाच इतिहास आहे.

इथे एक जुना आणि वजनदार आक्षेप येतो, तोही कन्फ्यूशियसच्याच तोंडून. एका प्रदेशाचा अधिकारी त्यांना अभिमानाने सांगतो की आमच्याकडचा एक माणूस इतका सरळ आहे की बापाने मेंढी चोरली तेव्हा त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतात, आमच्याकडचा सरळपणा वेगळा आहे. बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला, आणि सरळपणा त्यातच आहे. या विचारात मोठं सत्य आहे. सगळीच माणसं एकमेकांवर खबरीगिरी करू लागली तर कायदा राहील, घर उरणार नाही. कोरियाच्या दंडसंहितेने आजही हे सत्य मान्य केलेलं आहे: जवळच्या नातेवाइकाने गुन्हेगाराला लपवलं किंवा त्याच्यासाठी पुरावा नष्ट केला तर त्या नातेवाइकाला शिक्षा होत नाही. पण ही सवलत नातेवाइकांपुरती आहे. साबमनिम, सीनियर विद्यार्थी, क्वानचे पदाधिकारी त्यात बसत नाहीत, आणि कायद्याने इथे ओढलेली रेघ मेन्शियसने गुरू आणि बाप यांच्यात ओढलेल्या रेघेशी जुळते. दुसरं म्हणजे, त्या गोष्टीतली मेंढी दुसऱ्या कोणाची तरी आहे. जिच्यावर अन्याय झाला ती व्यक्ती घराबाहेरची आहे आणि झाकणारा मुलगा स्वतः बळी नाही. दोजांगमध्ये विद्यार्थ्यालाच जेव्हा इजा होते तेव्हा त्याला गप्प बसायला सांगणं म्हणजे मेंढीनेच चोराला झाकावं असं म्हणण्यासारखं आहे. त्या वचनाचा आधार घेऊन असं मौन कोणी मागू शकत नाही.

हा प्रश्न कल्पनेतला नाही. कॅलिफोर्नियातल्या तीन तायक्वांदो खेळाडूंवर त्या किशोरवयात असताना त्यांच्या प्रशिक्षकाने स्पर्धांच्या दौऱ्यांत लैंगिक अत्याचार केले. त्याला फौजदारी शिक्षा झाली, पण खेळाडूंचं म्हणणं असं होतं की त्याला आवरण्याची जबाबदारी संस्थांचीही होती. हे प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 2021 मध्ये निकाल लागला. दुसऱ्याला इजेपासून वाचवण्याचं कर्तव्य प्रत्येकावर नसतं; ज्याचं गुन्हेगाराशी किंवा बळीशी विशेष नातं असतं त्याच्यावर ते येतं, हे सूत्र कोर्टाने स्पष्ट केलं. ‘यूएसए तायक्वांदो’ या राष्ट्रीय संघटनेला प्रशिक्षकाच्या वागण्यावर नियंत्रण ठेवता येत होतं, म्हणून तिच्याविरुद्धचा दावा टिकला आणि ऑलिंपिक समितीविरुद्धचा टिकला नाही. निकालातला तर्क पाहिला तर त्यात परकं असं काही दिसत नाही. सत्ता जिच्याकडे तिच्याकडेच कर्तव्य, नातं असेल तर ते दोन्ही बाजूंनी बांधतं. दोजांगमध्ये रोज हेच तर शिकवलं जातं, फक्त खालच्या बाजूने.

दुसरं प्रकरण कोरियातलंच आहे आणि ते वाचवत नाही. 2024 च्या जुलैत सोलच्या उत्तरेला यांगजू शहरातल्या एका दोजांगच्या प्रमुखाने बालवाडीच्या वयाच्या एका मुलाला गुंडाळलेल्या मॅटमध्ये उलटं खुपसून ठेवलं. मूल काही दिवसांनी दगावलं. प्रमुखाने कॅमेऱ्याचं चित्रण पुसून टाकलं होतं, ते पोलिसांनी परत मिळवलं. गंमत म्हणून केलं, असं त्याचं म्हणणं होतं. 2025 मध्ये कोर्टाने त्याला 30 वर्षांची कैद सुनावली. हजारो दोजांग मुलांना जीव लावून सांभाळतात आणि या एका माणसावरून त्यांना तोलणं अन्यायाचं होईल. पण या प्रकरणातली एक गोष्ट सगळ्यांना लागू होते. त्या वयाचं मूल नियम समजू शकत नाही, पर्याय निवडू शकत नाही. त्याला एवढंच कळतं की समोरचा माणूस सांगेल ते करायचं असतं. आज्ञाधारकपणा शिकवणाऱ्या जागेत बाहेरची नजर जितकी कमी, तितका तो आज्ञाधारकपणा धोक्याचा. चित्रण पुसणाऱ्यालाही या नजरेची ताकद ठाऊक होती.

यावर कळकळीने शिकवणारे साबम जे म्हणतात ते कानाआड करण्यासारखं नाही. त्यांचं म्हणणं असं की कायदा आत आला की गुरू दुकानदार होतो आणि शिष्य गिऱ्हाईक. युद्धकलेत वेदना आहे, थकवा आहे, रागावणं आहे. प्रत्येक निळ्या वळाचा पंचनामा होऊ लागला तर कोणी शिकवूच शकणार नाही. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. कायदा चांगला गुरू घडवू शकत नाही, आणि भरवशाने अंग टाकल्याशिवाय विद्यार्थ्याला पडायलासुद्धा शिकता येत नाही. पण दोजांगमध्ये करार कायद्याने आणलेला नाही. महिन्याची फी, पट्ट्याच्या परीक्षेची फी, दोबोकचे, म्हणजे सरावाच्या पोशाखाचे, पैसे, वर्षभराच्या बांधिलकीवर पालकांची सही, हे सगळं शाळांनीच आणलं आणि पोटासाठी आणलं, त्यात गैर काहीच नाही. गैर तेव्हा होतं जेव्हा पैसे घेताना नातं करारातलं असतं आणि तक्रार येताच ते बापलेकाचं होतं. वेदनेचंही तसंच. सरावातली वेदना सगळ्यांसमोर होते, तिचा हेतू विचारला तर सांगता येतो आणि विद्यार्थ्याला थांबा म्हणता येतं. वोनग्वांगांनी मारण्यालाही काळ, वस्तू आणि मर्यादा यांचा विवेक लावला होता. शिकवताना दिलेल्या वेदनेला तो लावणं अवघड नसावं. ज्या वेदनेबद्दल घरी सांगू नकोस असं बजावावं लागतं, ती सरावाची नव्हे.

कायदा कधी कधी लहान माणसाच्याच मुळावर येतो, हा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. कोरियातलं दोजांग म्हणजे नुसती व्यायामशाळा नाही. आईबाप दोघेही कामावर असतात, शाळा दुपारी सुटते, आणि दोजांगची पिवळी व्हॅन मुलांना शाळेच्या फाटकातून उचलून संध्याकाळी घरी पोहोचवते. पुष्कळदा ती खुद्द साबमच चालवतात. 2013 मध्ये चोंग्जू शहरात तीन वर्षांची एक मुलगी पाळणाघराच्या बसखाली सापडून गेली आणि त्यानंतर अशा गाड्यांचे नियम कडक झाले. मुलांना चढवायला-उतरवायला चालकाशिवाय दुसरी मोठी व्यक्ती गाडीत हवी असं ठरलं. लहान दोजांगांना 2017 च्या जानेवारीपर्यंत मुदत मिळाली. ज्याच्याकडे मोजकेच विद्यार्थी आहेत त्याला हा दुसरा पगार जड जातो, ही तक्रार खरी आहे. पण तिच्यातून निघतं ते एवढंच की खर्चाचा वाटा समाजाने आणि सरकारने उचलावा. मुलांना सांभाळण्याचं काम दोजांग करत असेल, तर त्या कामाला पाळणाघराइतकी मदत मागण्याचा त्याला हक्क आहे. नियम नकोच, असा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

मराठी वाचकाला हा वाद दूरचा वाटायचं कारण नाही. महाराष्ट्रात शाळांच्या मैदानांवर आणि सोसायट्यांच्या हॉलमध्ये तायक्वांदो शिकणारी मुलं भरपूर आहेत आणि 2012 चा पॉक्सो कायदा त्या वर्गांनाही लागू आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि संस्था चालवणाऱ्याला त्याची शिक्षा जास्त आहे. ‘आपल्यात मिटवू’ म्हणणारा क्लासचालक आपल्याकडेही भेटतो आणि तो गुरुपौर्णिमेचा दाखला देतो. त्याला महाभारतातल्या उद्योगपर्वाकडे पाठवावं. अंबेच्या प्रकरणात भीष्म आपल्या गुरूशी, परशुरामांशी, रणात उभे राहतात, आणि त्याआधी त्यांना ऐकवतात की गर्वाने भरलेला, काय करावं आणि काय करू नये हे विसरलेला गुरू असेल तर त्याला सोडणं शास्त्राला मान्य आहे. भीष्मांची बाजू बरोबर होती की नाही हा वेगळा वाद. पण त्यांना कोणी गुरुद्रोही म्हणत नाही.

आता एका व्यवहाराच्या गोष्टीकडे येतो, कारण मला वाटतं या तात्त्विक प्रश्नाची गाठ तिथेच बसली आहे. काळ्या पट्ट्याचं प्रमाणपत्र, मुलांचं पूम आणि मोठ्यांचं दान, सोलच्या गंगनाम भागातल्या कुक्कीवॉनमधून येतं. 1972 मध्ये उभी राहिलेली ही संस्था आता कोरियाच्या संसदेने केलेल्या कायद्याच्या आधाराने चालते, आणि 2018 पासून त्याच कायद्याने तायक्वांदो ही देशाची राष्ट्रीय युद्धकला ठरली आहे. म्हणजे पदवी गुरूची नाही, संस्थेची आहे. पण तिथवर पोहोचायला पात्र साबमची शिफारस लागते. सात-आठ वर्षं घाम गाळलेल्या विद्यार्थ्याची पुढची वाट अशा रीतीने एका माणसाच्या सहीत अडकते, आणि मौन बहुतेक वेळा याच सहीच्या भीतीने पाळलं जातं. वोनग्वांग किंवा कन्फ्यूशियस यांचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. म्हणून पहिली सुधारणा इथे हवी. आपल्या साबमविरुद्ध तक्रार केलेल्या किंवा त्यांची शाळा सोडलेल्या विद्यार्थ्याला त्यांच्या शिफारशीशिवाय दुसऱ्या परीक्षकापुढे उभं राहता यावं, आधीचा पट्टा जसाच्या तसा धरला जावा, आणि ही सोय प्रत्येक दोजांगच्या भिंतीवर शिष्याच्या कर्तव्यांच्या शेजारी लिहिलेली असावी. हे कुक्कीवॉनला एका ठरावाने करता येईल आणि भारतातल्या संघटनांना त्याहूनही लवकर. त्यानंतर जो विद्यार्थी वाकेल तो भीतीने वाकतो की आदराने, हे त्याच्या साबमनाही कळेल.